पाचव्या फेऱ्यातला खोकला

"नट उलटा फिरवताय तुम्ही," सेइतखान म्हणाला. "बावीस वर्षं झाली या माळावर, अजून हाताला उजवं-डावं कळत नाही."

"मग तूच ये खाली."

"आलो असतो. पण माझं पोट आधी शिरतं, मग मला जागा उरत नाही."

बोगुमिलने पाना काढून पुन्हा लावला. चर्चच्या तळघरात, बॉयलरच्या पोटाखाली तो उताणा पडला होता. कोळशाची भुकटी पापण्यांवर बसली होती. बाहेर उणे एकतीस. हा एक पाइप फुटला तर सकाळपर्यंत चर्च आणि चर्चला चिकटलेली त्याची खोली, दोन्ही थंडीने तडकून जातील. म्हणून तो सकाळपासून इथेच होता. काल गाडीचा पट्टा तुटला होता. परवा छपराचा पत्रा उडाला होता. त्याआधी काय होते ते त्याला आठवेना, पण काहीतरी होतेच.

वर घंटेचे तीन ठोके पडले, आणि छपरावरच्या भोंग्यातून बोगुमिलचाच आवाज माळावर पसरला.

नमो मारिया, कृपापूर्णे, प्रभू तुजबरोबर आहे...

पाच वाजले होते, रोजच्या जपमाळेची वेळ.

भोंगा जुना होता, सामूहिक शेतीच्या काळातला. तेव्हा तो पहाटे बायकांना गोठ्यावर हाकत असे आणि दुपारी बटाट्याच्या रानात. शेती मोडली, खांब पडला, भोंगा सेइतखानच्या अंगणात कोंबड्यांच्या अंगाखाली पडून होता. बोगुमिलकडे चार वस्त्या. त्यातल्या दोन ऐंशी ऐंशी किलोमीटरवर. संध्याकाळी पाचला जपमाळ सांगायला तो गावात असेलच असे नसे. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका दुपारी, त्याने जपमाळ फोनवर बोलून ठेवायला घेतली. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तो म्हणे, आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी जागा सोडे, घराघरांतून लोकांनी उत्तर द्यावे म्हणून. सेइतखानने घड्याळाचा स्विच जोडून दिला. जपमाळेच्या दर फेऱ्याला दहा मणी आणि प्रभूच्या, मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग; त्यातले आनंदाचे पाच त्या दिवशी झाले. दुःखाचे आणि गौरवाचे पुढच्या आठवड्यात करू, असे ठरले होते.

तो आठवडा आलाच नाही. आणि पुढे पुढे बोगुमिल गावात असला तरी स्विच आपले काम करी, आणि तो आपले.

"बरं आहे तुमचं," सेइतखान म्हणाला. "एक फादर वर, एक फादर खाली. वरचा देवाशी बोलतो, खालचा नट फिरवतो. आमच्या मुल्लाला सांगतो, तुम्हीपण एक दुसरा करून घ्या."

बोगुमिल हसला. मग पुन्हा पान्याकडे वळला.

वरच्याची आणि खालच्याची गाठ पडून किती दिवस झाले, हे त्याला नेमके सांगता आले नसते. तरुणपणी, फादर होण्याचे शिक्षण घेताना, सेमिनरीत सगळे झोपले की हा चॅपेलमध्ये सापडे. गुडघे सुजत, आणि सुजलेल्या गुडघ्यांचाही त्याला लळा होता. एका वर्षासाठी म्हणून या माळावर आला, आणि पहिल्या हिवाळ्यात बर्फाने दार बुजले तेव्हा सहा दिवस तो एकटा बसून होता. जन्मात तेवढा आनंद पुन्हा झाला नाही. मग लोक जाऊ लागले. कुणी पोलंडला, कुणी जर्मनीला. घरे ओस पडली, आणि ओस घरांची, ओस चर्चची डागडुजी मात्र वाढली. प्रार्थनेचे पुस्तक आधी गाडीत राहिले, मग गाडीच्या खणात, मग खणात पान्यांच्या खाली. चर्चमधली उपासना, मिस्सा, तो चुकवत नसे. पण मिस्सा म्हणजे लोकांचे काम. कुणी बघत नसताना, कुणी मागत नसताना गुडघ्यांवर बसणे, ते सुटले होते. भांडण होऊन सुटले असते तर समेट तरी करता आला असता. हे नुसतेच सुटले होते.

तळघराच्या पायरीवर बुटांचा बर्फ झटकल्याचा आवाज झाला. सेइतखानची बायको कुल्याश डोक्याची शाल न सोडता खाली आली. तिच्या हातात रासबेरीच्या मुरांब्याची बरणी होती.

"आपानं बोलावलंय तुम्हाला," ती म्हणाली. "आज. उद्या नको म्हणाली."

आपा म्हणजे गेनोव्हेफाआजी. वय एक्याण्णव, दोन्ही डोळे गेलेले, मुले-नातवंडे परदेशी. तिला दूध, पाणी, चूल सगळे कुल्याश बघे.

"बरं नाही का?"

"दोन दिवस चहासुद्धा उतरत नाही घशाखाली. आणि हे घ्या. तुमच्या खोकल्याला."

"मला कुठं खोकला आहे, कुल्याश?"

"मी तेच म्हणते. तर मलाच बोलते. म्हणते, तुला काय कळतंय, तू कान देऊन ऐकत नाहीस."

ही सातवी बरणी होती. दोन हिवाळे गेनोव्हेफाआजी त्याच्या खोकल्यासाठी मुरांबा पाठवत होती. म्हातारपणी होते असे, म्हणून बोगुमिल बरणी ठेवून घेई आणि धिरड्यांबरोबर खाऊन टाकी.

"जा तुम्ही," सेइतखान म्हणाला, "नट मी बघतो. पोट बाहेर ठेवून."

बोगुमिलने तोंड धुतले, आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी घेतली, ख्रिस्तप्रसादाची छोटी चांदीची पेटी कोटाच्या आत, छातीपाशी ठेवली, आणि निघाला. बरणीही त्याच्या हातातच राहिली. बर्फ पायाखाली करकरत होता. भोंग्यातला त्याचा आवाज त्याच्या डोक्यावरून, त्याच्या पुढे पुढे चालला होता, ओस अंगणांतून, फळ्या ठोकलेल्या खिडक्यांवरून. कुठूनच उत्तर येत नव्हते. नमो मारिया. मग रिकामी जागा. नमो मारिया. मग रिकामी जागा.

शेवटच्या घराचे दार त्याने ढकलले तेव्हा आतून उत्तर आले.

"पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर."

आजी उशीला टेकून बसली होती. तोंड खिडकीकडे, जिथून भोंगा ऐकू येई. हातात लाकडी जपमाळ. बोगुमिलला हाक मारायची होती, पण तो उंबऱ्यातच थबकला. खिडकीतून त्याचा आवाज येत होता आणि दारात तो उभा होता. परक्याच्या घरात चोरपावलांनी शिरावे, आणि आत आपणच आधी येऊन बसलेलो असावे, तसे त्याला झाले.

पाचवा फेरा चालू होता. सहा मणी झाले. सातव्याला भोंग्यातला बोगुमिल अर्ध्यातच अडला आणि खोकू लागला. लांब, ओला, छातीतून वर येणारा खोकला. आजीने मणी अंगठ्याखाली दाबून धरला. ती थांबली. घाई नव्हती तिला. मूल ठसकले की घास हातात धरून आई थांबते, तशी ती थांबली.

"जपून रे," ती हळूच म्हणाली.

खोकला सरला. भोंग्याने प्रार्थना पुरी केली. तिने उत्तर दिले.

दारातल्या माणसाच्या हातात बरणी होती. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

जपमाळ संपली, भोंगा खरखरला आणि बंद झाला. तेव्हा आजी म्हणाली, "दार लावा, फादर. थंडी येतेय."

"आजी, तुम्हाला कसं कळलं मी आलोय?"

"कोळशाचा वास. दुसरा कोण फादर कोळशात लोळतो?" ती हसली, मग धाप लागली. "बसा. स्टूल आहे तिथं."

तो बसला. बरणी खिडकीच्या फळीवर ठेवली.

"आजी, तो खोकला..."

"दोन वर्षांपूर्वीचा. ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यात वाटलं, रोज खोकतोय, जिवाला जपत नाही, बघायलाही कुणी नाही. मग चाळीस दिवसांचे उपास आले. शुक्रवारी, प्रभूच्या दुःखाच्या दिवशी, तुम्ही आपले आनंदाचे प्रसंग सांगताय. म्हटलं, चुकले असतील. पुढच्या शुक्रवारी तेच. मग मोजलं. पाचवा फेरा, सातवा मणी. रोज. उन्हाळ्यात, पावसात, तिथंच खोकला." तिने जपमाळ पांघरुणावर ठेवली. "डोळे नसले की माणूस मोजत बसतं, फादर."

"मग यंदाही बरण्या का पाठवल्या?"

"मशीनला खोकला होतो का? खोकला तर खराच होता. त्या दिवशी तुम्हाला कुणी काही गरम दिलं असेल, असं वाटेना मला."

बोगुमिलला ती दुपार आठवली. अंगात ताप होता. कुणी काही दिले नव्हते. त्यानेही कुणाला सांगितले नव्हते. देवालासुद्धा नाही.

"कुणाला बोलला नाहीत तुम्ही?"

"काय बोलायचं? ऐकणारी मी एकटी. म्हटलं, येतील आपण होऊन." मग ती म्हणाली, "चांगला होता हो तो आवाज. तापातला होता, पण म्हणणारा त्यात होता."

ती उशीखाली चाचपू लागली. तिथे चहाचा पत्र्याचा डबा होता. त्याने झाकण उघडून दिले. आत कागदाचे कपटे होते, सिमेंटच्या पिशवीचा करडा कागद, तेल पिऊन मऊ झालेला.

या कपट्यांबद्दल बोगुमिलने ऐकले होते, पाहिले आज. गावाला तेव्हा नाव नव्हते. उघड्या माळावर एक खुंटी ठोकली होती, तिच्यावर अकरा आकडा होता, आणि युक्रेनमधून सरकारने गाडीत कोंबून आणलेल्या पोलिश माणसांना त्या खुंटीपाशी उतरवले होते. फादर नाही, चर्च नाही. जपमाळ हातात दिसली की कमांडंट माणूस घेऊन जाई. म्हणून पंधरा बायकांनी जपमाळेचे पंधरा प्रसंग वाटून घेतले. प्रत्येकीला एक कपटा, दिवसाला एकच फेरा, दहा नमो मारिया. गायीच्या आचळाशी म्हणायच्या, बटाटे वेचताना म्हणायच्या, ओठ न हलवता. कुणीच अख्खी जपमाळ म्हणत नव्हते, आणि संध्याकाळपर्यंत गावाची जपमाळ पुरी झालेली असे.

"एक एक गेली," आजी म्हणाली. "कुणी मातीत, कुणी पोलंडला. जाताना कपटा माझ्या हातात देई. म्हणे, गेन्या, सांभाळ. पंधराच्या पंधरा झाले माझ्याकडे. रोज म्हणते. भोंग्याबरोबरचे वेगळे. ते सोबतीला."

"मला द्या," बोगुमिल म्हणाला. "सगळे द्या, आजी. मी म्हणेन."

"नको."

तिने कपटे एकेक करून बोटांनी पाहिले. दिसत नव्हते, पण कडांवरून तिला कळत असावेत. एक काढून तिने पुढे केला.

"एक घे."

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केले नव्हते.

"पंधरा तुला झेपायचे नाहीत. घेशील, आणि पंधरांचं पुन्हा मशीन करशील. हा माझ्या बहिणीचा, व्हालेरियाचा. पाचवा. हरवलेलं पोरगं, आपला प्रभू, देवळात सापडतं तो. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"ठाऊक असणारच तुला. तरी ऐक. मारिया आणि तिचा नवरा, सणाहून घरी निघाले दोघं. चालत राहिले. वाटलं, पोरगं आहेच मागं, घोळक्यात असेल. अख्खा दिवस चालले. बोलले असतील, भाकरी खाल्ली असेल, पायाला फोड आले असतील. आणि संध्याकाळी वळून बघतात तर नाही. देवाची आई ती. तिच्यापण ध्यानात आलं नाही दिवसभर." तिने दम घेतला. "तुझा दिवस जरा लांबला, एवढंच."

बोगुमिलच्या हातात कपटा होता. त्याचे डोळे भरून आले आणि तिला दिसत नाही याचे त्याला बरे वाटले.

"आजी, मला जमत नाही आता. बसतो, तर आत काहीच नसतं. कोरडं. शब्द भुशासारखे लागतात."

"मी तीस वर्षं गोठ्यावर होते. गाय आटली म्हणून आम्ही हात लावायचं सोडत नव्हतो. रोज जायचं, कोमट पाण्यानं आचळ पुसायचं, बसायचं. दूध नाही तर नाही. पण हात विसरू द्यायचा नाही तिला." ती थकली होती. "बाकीचे चौदा मला पुरताना माझ्याबरोबर ठेव पेटीत. त्यांच्या त्यांना परत देईन. आता तेल लाव. आणि कोळशाचे हात पुसून घे आधी."

त्याने हात पुसले. मग तिच्या कपाळाला आणि तळव्यांना तेल लावले, तिला ख्रिस्तप्रसाद दिला. तिच्या तळव्यांना अजून भेगा होत्या, गोठा सुटून पस्तीस वर्षे झाली तरी.

पुढचे तीन दिवस बोगुमिल पहाटे चर्चमध्ये एकटा बसला. कपटा समोर, व्हालेरियाचे वेडेवाकडे अक्षर. दहा नमो मारिया. पहिल्या दिवशी चौथ्या मण्यावर त्याचे मन बॉयलरकडे गेले आणि तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सहावा मणी. तिसऱ्या दिवशी दहाही झाले, आणि काहीच झाले नाही. खिडक्यांवर बर्फाची नक्षी, छपराला वारा, आणि भुसा. तरी तो उठला नाही. गुडघे दुखू लागेपर्यंत बसला. दुखणे ओळखीचे निघाले. तेवढेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुल्याश आली. तिला काही सांगावे लागले नाही.

जमीन दगड झाली होती. सेइतखानने आणि गावातल्या दोघांनी जुने टायर जाळून ती मऊ केली, तरी कुदळ वाजत होती. काळा धूर सरळ वर जात होता.

"फादर," सेइतखान म्हणाला, कपाळाचा घाम गोठायच्या आत पुसत, "म्हातारी मला दर वसंतात विचारायची, सेइतखान, माळावर फुलं आली का रे? मी म्हणायचो, आली. एक वर्ष आलीच नव्हती, कोरडं पडलं होतं. तरी म्हटलं, आली."

"मग?"

"मग म्हणाली, तुझा आवाज बरा आहे, खोटं चांगलं बोलतोस." त्याने कुदळ उचलली. "तिला सगळंच ऐकू यायचं."

शवपेटी झाकायच्या आधी बोगुमिलने चौदा कपटे तिच्या भेगाळ हातांत, जपमाळेखाली सरकवले. माणसे होती सहा. प्रार्थनेला उत्तर देणारी दोन, तीही अडखळत. बाकीचे त्यांचे त्यांचे काही ओठांत म्हणत होते. कुल्याशने मेलेल्या माणसासाठी तळतात तशा सात पातळ पुऱ्या तळून आणल्या होत्या, आणि त्या थडग्यापाशीच सगळ्यांना वाटल्या. बोगुमिलनेही एक खाल्ली.

"भोंगा बंद करू का आजपासून?" परतताना सेइतखानने विचारले. "ऐकणारं तर गेलं."

"आज राहू दे."

"आणि उद्या?"

"उद्या मी आहे."

सेइतखानने कुदळ खांद्यावर घेतली. मान हलवली आणि तो आपल्या घराकडे वळला.

तिच्या घरातली चूल विझवायची होती, पाणी काढून टाकायचे होते, नाहीतर भांडी फुटली असती. बोगुमिलने राख ओढली, बादल्या उपड्या केल्या. पलंगावर गादी गुंडाळलेली होती. स्टूल तिथेच होते. खिडकीत सातवी बरणी, तो त्या दिवशी ठेवून गेला तशी, आणि तिच्यामागे सांजेचा थोडा लाल उजेड. सगळे झाल्यावर निघायचे होते. तो बसला.

पाच वाजले.

माळावरून आवाज आला. लांबून येताना त्याची धार गेली होती. कुणी एक माणूस बर्फापलीकडे उभा राहून बोलावत होता, आणि दर वेळी बोलावून झाल्यावर थांबत होता. बोगुमिल ऐकत राहिला. नमो मारिया. जागा रिकामी गेली. नमो मारिया. पुन्हा रिकामी गेली. तो माणूस तरीही पुढचे म्हणत होता. त्याला ठाऊक नव्हते की इकडे कुणी नाही. अंगात ताप होता त्याच्या, आवाज थरथरत होता. इतका एकटा माणूस आपण असू असे बोगुमिलला कधी वाटले नव्हते.

"पवित्र मारिये," तो म्हणाला, "देवाच्या माते."

पहिल्यांदा अर्धेच म्हणून झाले. मग येऊ लागले. विचार करावा लागत नव्हता, पुढचे आठवावे लागत नव्हते; फक्त त्या माणसाला एकटे सोडायचे नव्हते. आम्हा पाप्यांसाठी आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. घर गारठत चालले. श्वासाची वाफ दिसू लागली. बॉयलरची आठवण आली आणि दारातूनच परत गेली.

पाचव्या फेऱ्याला त्याने खिशातला कपटा काढून गुडघ्यावर ठेवला आणि आपली जपमाळ हातात घेतली. चार मणी, पाच, सहा.

सातव्याला तो लांबचा माणूस अडला आणि खोकू लागला.

बोगुमिलने मणी अंगठ्याखाली धरला. खोकला लांबत गेला, आणि तो खोकला सरेपर्यंत थांबला.

"जपून रे," तो हळूच म्हणाला.

मग त्याने उत्तर दिले.